इंदूरचं विमान लेट झालं तर मुंबईचं रात्रीचं विमान मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा. सुदामानगरातल्या एका गृहस्थांचे आई-बाबा (आई 66, बाबा 71) ऑगस्टमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाले आहेत. इंदूरहून संध्याकाळी 7.10 चं विमान, मुंबईत 8.35 ला उतरणार. तिथून रात्री 1.40 ला नेवार्कचं थेट विमान. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली, त्यात साधारण 9 हजार वाचले. आता ते विचारताहेत, "मध्ये पाच तास आहेत, पहिलं विमान लेट झालं तरी पुरतील ना? आणि नाहीच पुरले तर विमान कंपनी पुढची सोय करून देते का?"

मी इंदूरमध्ये 22 वर्षं तिकिटांचंच काम करते. आमच्या रामबागेतल्या ऑफिसात दर उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर असे आई-बाबा येतात. पहिल्यांदाच इतक्या लांब निघालेले, पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सामानात डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा, तुम्ही विचारताय पाच तास पुरतील का. पण त्याआधी बघायला हवं ते हे, की उशीर झाला तर तो कोणाच्या खात्यावर पडणार. तिकीट एक असेल तर विमान कंपनीच्या, दोन असतील तर तुमच्या. बाकी सगळं यावर ठरतं.

एकाच तिकिटावर इंदूर ते नेवार्क असा प्रवास असेल, तर कंपनीने तुम्हाला नेवार्कला पोहोचवायचं कबूल केलेलं असतं. इंदूरचं विमान तीन तास लेट झालं आणि मुंबईचं सुटलं, तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवणं तिचं काम. नवं तिकीट काढावं लागत नाही. दोन तिकिटं वेगळी असली की इंदूरच्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास मुंबईत संपला. अमेरिकेला नेणाऱ्या कंपनीला इंदूरशी देणंघेणं नाही. तिच्या कॉम्प्युटरवर एवढंच दिसतं की दोन प्रवासी वेळेत काउंटरवर आले नाहीत. याला नो-शो म्हणतात, आणि नो-शो झालं की बहुतेक स्वस्त तिकिटांत परतीचंही रद्द होतं. 9 हजारांची बचत कशाशी तोलायची ते यावरून बघा.

तुमची तिकिटं खरोखर वेगळी आहेत का, हे मात्र आधी तपासा. काही वेबसाइट दोन वेगळी तिकिटं एकाच पानावर एकाच रकमेत दाखवतात, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' (म्हणजे मधलं विमान बदलणं तुमचं तुम्ही बघायचं) लिहिलेलं असतं. उलटंही होतं, माणसाला वाटतं वेगळी आहेत आणि असतं एकच. पीएनआर बघून खात्री होत नाही, कारण एकाच तिकिटावर दोन कंपन्या असल्या तर दोन पीएनआर असू शकतात. बघायचा तो ई-तिकिटाचा 13 अंकी नंबर. पहिले तीन आकडे कंपनीचे (एअर इंडियाचे 098), पुढचे दहा तुमच्या तिकिटाचे. इंदूर-मुंबई आणि मुंबई-नेवार्क दोन्ही प्रवास त्याच 13 आकड्यांखाली असतील तर तिकीट एक. एकाच माणसाच्या नावावर दोन वेगळे नंबर असतील तर ती दोन तिकिटंच समजा. एकाच बुकिंगमध्ये असल्याचं कंपनीने लेखी दिलं तरच वेगळं धरायचं.

आता तुमचे पाच तास. मी ते नेहमी उलटे मोजते, कारण सुलटे मोजले की जास्त वाटतात. विमान 1.40 ला. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन काउंटर साधारण 60 मिनिटं आधी बंद होतं, काही कंपन्या 75 मिनिटं आधी करतात. आपण 75 धरू, म्हणजे 12.25. टर्मिनल 2 च्या दारावरची रांग आणि काउंटरपर्यंत जाणं, 25 मिनिटं. म्हणजे 12 ला दाराशी हवं. तुमचं इंदूरचं विमान टर्मिनल 1 ला उतरत असेल (तिकिटावर बघा, सगळी देशांतर्गत विमानं एकाच टर्मिनलवर येत नाहीत), तर तिथून टॅक्सीने सहारला, म्हणजे टर्मिनल 2 ला, यायला ऑगस्टच्या पावसात 40 मिनिटं धरा, एरवी अर्ध्या वेळात होतं. म्हणजे 11.20 ला टॅक्सीत. त्याआधी चार बॅगा पट्ट्यावरून येणं, बाबांसाठी व्हीलचेअर मिळणं, 50 मिनिटं. विमानातून बाहेर पडायला 15. थोडक्यात, मुंबईच्या धावपट्टीला चाकं 10.15 च्या आत टेकायला हवीत. ठरलेली वेळ 8.35 ची. हातात राहिले 1 तास 40 मिनिटं. बाकीचे तास तिकिटावर दिसतात, पण खर्च झालेलेच आहेत.

संध्याकाळचं विमान आणि पावसाळा ही जोडी 1 तास 40 मिनिटं सहज खाते. इंदूरहून 7.10 ला सुटणारं विमान दिवसभर इंदूरला उभं नसतं. सकाळपासून ते चार-पाच फेऱ्या करून आलेलं असतं. सकाळी दिल्लीला वीस मिनिटं गेली, दुपारी आणखी कुठे तीस, की ते सगळं संध्याकाळच्या फेरीवर साचतं. विमान कंपन्यांच्या जगात उशिराच्या कारणांना नंबर असतात, त्यातला 93 हा 'मागच्या फेरीचं विमान उशिरा आलं' यासाठी आहे. वर मुंबईचा पाऊस. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. पाऊस कोसळायला लागला की विमानं वर घिरट्या घालतात, कधी अहमदाबादला वळवतात.

इंदूरलाच रात्रभर मुक्कामी असलेल्या विमानाची पहाटेची पहिली फेरी यापेक्षा पुष्कळ भरवशाची. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणाऱ्यांना मात्र मी हे सांगत नाही, धुक्याच्या दिवसांत पहाटच सगळ्यात वाईट. सरसकट नियम नाही, महिना आणि मार्ग बघून ठरवायचं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. धंद्यात नवीन असताना मी एका काका-काकूंना अशीच दोन तिकिटं काढून दिली होती. मध्ये साडेचार तास होते आणि मला ते भरपूर वाटले. त्या संध्याकाळी बोर्डावर आधी 7.55 आलं. मग 8.20. मग 8.50. प्रत्येक वेळी काकांनी मला फोन केला आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं, काका, अजून वेळ आहे. विमान 9.30 ला सुटलं. बारा वाजून पन्नास मिनिटांनी ते दोघं टर्मिनल 2 च्या काउंटरसमोर उभे होते आणि काउंटरवरची मुलगी काचेवर बंदची पाटी लावत होती. काकूंच्या हातात नातवासाठी विणलेला स्वेटर होता, बॅगेत चुरगळेल म्हणून वेगळा घेतलेला. दोघांची तिकिटं बुडाली. नव्यांचे अर्धे पैसे मी दिले, पण ती रात्र त्यांनी विमानतळाबाहेरच्या बाकावर काढली, ती काही मला परत देता आली नाही. तेव्हापासून वेगळी तिकिटं असतील तर मी इतक्या जवळची जोडणी देत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी.

त्या संध्याकाळचा घात कशाने झाला ते नीट लक्षात घ्या, कारण तुमच्यावरही तोच प्रसंग येऊ शकतो. विमान एकदम तीन तास लेट असं कोणी सांगत नाही. ते पंचवीस-तीस मिनिटांनी सरकत राहतं, प्रत्येक वेळी वाटतं एवढं तर चालेल. म्हणून शेवटची वेळ घरूनच ठरवून निघायचं आणि ती कागदावर लिहायची. तुमच्या बाबतीत ती अशी: इंदूरहून 8.45 ला विमान जमिनीवरून उठणार नाही असं दिसलं की वाट बघणं संपलं, आता अमेरिकेच्या कंपनीला फोन. चेक-इन बंद व्हायच्या आत फोन करून तारीख बदलली तर दंड आणि भाड्यातला फरक भरून तिकीट वाचू शकतं. काउंटर बंद झाल्यावर तेच तिकीट कागद होतं. हे दोन-तीन तास सगळ्यात मोलाचे, आणि लोक नेमके तेच बोर्डाकडे बघण्यात घालवतात.

विमान खरंच लेट होणार का, हे कंपनीच्या मेसेजच्या आधी कळू शकतं. फ्लाइटरडारसारख्या ॲपवर तुमच्या फ्लाइटचं विमान आत्ता कुठे आहे ते बघा. ते इंदूरला येण्याआधी जिथे असायला हवं, तिथून 5.30 पर्यंत निघालेलंच नसेल, तर बोर्डावर 'वेळेवर' लिहिलेलं असलं तरी 7.10 होणं कठीणच. हे तुम्ही घरी बसून करा, आई-बाबांना या भानगडीत पाडू नका.

तुमचं तिकीट एकच निघालं, तर गोष्टी पुष्कळ सोप्या, पण दोन चुका तिथेही होतात. पहिली: विमान रद्द झालं किंवा फार लेट झालं की ॲपवर दोन बटणं येतात, बदल करा किंवा रिफंड घ्या. घाबरून रिफंड दाबू नका. पैसे परत घेतले की तुम्हाला पोहोचवायची कंपनीची जबाबदारी तिथेच संपते, आणि ऐनवेळी नेवार्कचं तिकीट किती महाग पडतं ते तुम्हीच बघा. काउंटरवर शांतपणे एवढंच म्हणायचं: "आमचं कनेक्शन चुकतंय, नेवार्कपर्यंत रीबुक करून द्या." दिल्लीमार्गे, दुसऱ्या कंपनीने, दुसऱ्या दिवशी, जे देतील त्याचा नवा ई-तिकीट नंबर हातात घेतल्याशिवाय हलायचं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. इंदूरचं विमान फार लेट होतंय म्हणून मुलगा आई-बाबांना गाडीत घालतो आणि सेंधवा-धुळे मार्गे मुंबईला हाकतो. पहिला टप्पा तुम्ही न सांगता सोडलात की कॉम्प्युटर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करतो. रात्रभर गाडी चालवून मुंबईला पोहोचायचं आणि तिथे कळायचं की तिकीटच उरलं नाही. रस्त्याने जायचंच असेल तर आधी कंपनीकडून तिकीट 'मुंबईहून सुरू' असं पुन्हा काढून घ्या, आणि ते झाल्याचा मेल आल्यावरच गाडी काढा. तसंही इंदूर ते मुंबई सुमारे 585 किलोमीटर, अकरा-बारा तास. रात्री 1.40 चं विमान पकडायचं तर दुपारी बाराच्या आत निघायला हवं. संध्याकाळी सात वाजता रस्ता हा पर्याय उरलेलाच नसतो, आणि 71 वर्षांच्या माणसाला मी तो दुपारीही सुचवणार नाही.

रांगेत आणि फोनवर एकाच वेळी राहा. आई-बाबांपैकी एकजण काउंटरच्या रांगेत, तुम्ही घरून कॉल सेंटरवर. आणि बहिणीला सांगा की तिने अमेरिकेतून त्याच कंपनीच्या तिथल्या नंबरवर फोन लावावा. ऑगस्टमध्ये न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. इंदूरला संध्याकाळचे सात म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. इथल्या लाइनवर शेकडो लोक ताटकळत असतात तेव्हा तिथला फोन पुष्कळदा लवकर लागतो. मागे जानेवारीच्या धुक्यात अडकलेल्या एका जोडप्याचं तिकीट त्यांच्या सुनेने असंच बदलून घेतलं, ते दोघं अजून इंदूरच्या रांगेत होते.

हक्काचं काय, हेही विचारलंय. भारतात डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे) नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. हॉटेल मिळतं ते उशीर 24 तासांच्या वर गेला तर, किंवा रात्री 8 ते पहाटे 3 मध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लेट झालं तर. तुमचं 7.10 चं, म्हणजे पन्नास मिनिटांनी त्या नियमाच्या बाहेर. रद्द झाल्याचं वेळेत कळवलं नाही, तर एक ते दोन तासांच्या फ्लाइटला 7,500 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. हवामानामुळे रद्द झालं तर तेही नाही. ऑगस्टमध्ये कारण बहुधा हवामान हेच असतं.

भारत 2009 पासून माँट्रियल कराराचा सदस्य आहे, त्यात आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या उशिराने झालेल्या खऱ्या नुकसानीची भरपाई मागता येते, पण कंपनीने शक्य ते सगळं केलं होतं असं तिने दाखवलं तर ती सुटते. म्हणून हक्क माहीत असू द्या, पावत्या जपा, कंपनीकडून उशिराचं पत्र लेखी घ्या (इन्शुरन्सवाले तेच मागतात), दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. पण त्या रात्री यातलं काहीही तुमच्या आई-बाबांना नेवार्कला पोहोचवणार नाही.

मग तुमच्या जागी मी काय करीन? तिकिटं दोन असतील तर 7.10 चं रद्द करून त्याच दिवशीचं सकाळचं पहिलं विमान घेईन. ते रद्द झालं तरी दुपारची-संध्याकाळची विमानं हाताशी राहतात. दिवस दादर-ठाण्याच्या नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या हॉटेलात काढायचा. टर्मिनलमध्ये दिवसभर बसायचा बेत नको, इतक्या लवकर आत सोडतीलच असं नाही. त्याहून निश्चिंत हवं असेल तर आदल्या संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेस. सकाळी बोरिवलीला उतरलं की सहारला जाणं सोपं, आणि गाडी लेट झाली तरी सगळा दिवस पुढे असतो. हॉटेलचे चार हजार जातील, म्हणजे वाचलेल्या 9 हजारांतले जवळपास निम्मे. ते जाऊ द्या.

एक चूक दरवर्षी निदान एकदा बघते, म्हणून सांगते. 12 तारखेचं रात्री 1.40 चं विमान म्हणजे 11 च्या रात्री विमानतळावर जायचं. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, तिकिटाचा मध्यरात्री. आमचे कितीतरी लोक 12 च्या रात्री बॅगा घेऊन हजर झालेत. कॅलेंडरवर 11 च्या चौकोनात लिहून ठेवा, "आज रात्री".

सामानाचं थोडक्यात. तिकीट एक असेल तर इंदूरला बॅग देताना टॅगवर शेवटचं ठिकाण ई-डब्ल्यू-आर (नेवार्क) छापलंय का ते स्वतः वाचा. बी-ओ-एम (मुंबई) असेल तर बॅग मुंबईत पट्ट्यावरून घ्यावी लागेल, तसं असेल तर तिथल्या तिथे विचारा. दोन्ही बोर्डिंग पास इंदूरलाच मागून घ्या. बाबांची इन्सुलिन, सगळ्या गोळ्या निदान चार दिवसांच्या, डॉक्टरांची चिठ्ठी, एकेक कपडा, चार्जर आणि पॉवर बँक हे हातातल्या बॅगेत. बॅगा मागे राहिल्या तर विमानतळ सोडायच्या आधी लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्यायचा. व्हीलचेअर दोन्ही तिकिटांवर वेगवेगळी मागावी लागते, एकावर मागितली म्हणजे दुसरीकडे मिळेल असं नाही.

बाबांच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड ठेवा, मोठ्या अक्षरांत: दोन्ही फ्लाइट नंबर, दोन्ही ई-तिकीट नंबर, तुमचा आणि बहिणीचा फोन, कंपनीचा इथला आणि अमेरिकेतला फोन, आणि खाली "8.45 पर्यंत नाही उठलं तर फोन". मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

आज एवढंच करा. दोन्ही ई-तिकिटं समोर ठेवून ते 13 आकडे बघा आणि एक आहेत की दोन, इथेच लिहा. दोन निघाली तर सकाळच्या विमानाचं भाडं मी आजच बघून सांगते. आठवडाभर थांबलात तर रक्षाबंधनाच्या गर्दीत ते वर चढेल.